मुंबईचा ताबा घ्यायला आलेला ‘लॉर्ड मार्लबरो’: त्याचे घराणे, किताब आणि वारसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे कशी गेली, हे सांगणाऱ्या जवळपास प्रत्येक मराठी लेखात एक वाक्य असते: ‘१६६२ मध्ये लॉर्ड मार्लबरो आरमार घेऊन आला, पण पोर्तुगीज गव्हर्नराने बेट द्यायला नकार दिला.’ पुढे गोष्ट कुलाबा, माहीम, कुक, ऑक्झेंडन अशी सरकते आणि हा लॉर्ड मागेच राहतो. तो कोण होता, त्याला हे नाव कुठून मिळाले आणि पुढे त्या नावाचे काय झाले, हे विचारणारे वाचक मात्र पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे पान.

हा लॉर्ड मार्लबरो म्हणजे नेमका कोण?

जेम्स ली, मार्लबरोचा तिसरा अर्ल. जन्म १६१८ च्या सुमाराचा, मृत्यू ३ जून १६६५ रोजी, समुद्रावर, डच आरमाराशी लढताना. राजा पहिला चार्ल्स आणि त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स या दोघांच्या बाजूने लढलेला हा दर्यावर्दी सरदार. दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरीनशी, झालेल्या लग्नाच्या तहात मुंबई मिळाली, तेव्हा ती ताब्यात घ्यायला निघालेल्या ताफ्याचे नेतृत्व त्याच्याकडे होते.

म्हणजे हा विन्स्टन चर्चिलचा पूर्वज का?

नाही. हा गोंधळ इतक्या वेळा दिसतो की उत्तर सुरुवातीलाच दिलेले बरे. चर्चिलचा पूर्वज म्हणजे जॉन चर्चिल, ब्लेनहाइमची लढाई जिंकणारा मार्लबरोचा पहिला ड्यूक. तो चर्चिल घराण्यातला. आपला माणूस ली घराण्यातला. दोघांच्या किताबात एकाच गावाचे नाव आहे, पण एकाचा किताब दुसऱ्याला वारशाने मिळालेला नाही. तरीही दोन्ही घराण्यांत एक धागा आहे आणि तो एका बाईमुळे जुळतो. तिच्याबद्दल खाली सांगितले आहे.

त्याचे नाव जेम्स ली, तर सगळे त्याला मार्लबरो का म्हणतात?

इंग्लंडमध्ये वरचा किताब मिळाला की आडनाव व्यवहारातून जवळजवळ नाहीसे होई. पत्रावर सही करतानाही असा माणूस नुसते ‘मार्लबरो’ लिही. आपल्याकडे भट घराण्याचे पेशवे ‘पेशवे’ म्हणूनच ओळखले गेले आणि ‘भट’ हे आडनाव इतिहासाच्या पुस्तकापुरते उरले, तसेच काहीसे. फरक एवढाच की पेशवेपद हे कामाचे नाव होते. अर्लपदाला सतराव्या शतकात कसलेच ठरावीक काम जोडलेले नव्हते. ती एक प्रतिष्ठा होती. तिच्याबरोबर पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभेत बसण्याचा हक्क येई आणि बापामागून मुलाला ती आपोआप मिळे.

पायऱ्या वरून खाली अशा: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. या पाचांना उमराव म्हणतात. त्यांच्या खाली बॅरनेट. तोही किताब वंशपरंपरेने चाले, पण बॅरनेट हा उमराव नव्हे, त्याला लॉर्ड्स सभेत जागा नसे. नुसता नाइट, म्हणजे ‘सर’, हा तर त्या माणसापुरताच. मुंबईचा गव्हर्नर म्हणून याच ताफ्यातून आलेला सर अब्राहम शिपमन हा असा नाइट होता. त्याचे ‘सर’ त्याच्याबरोबरच संपले.

हे घराणे मूळचे कुठले?

डेव्हन परगण्यातले ‘ली’ हे त्यांचे मूळ ठिकाण, आणि आडनावही त्यावरूनच. नंतर ते विल्टशर परगण्यातल्या टेफाँट एव्हिआस या गावी राहायला गेले. खाऊनपिऊन सुखी असलेले जमीनदार, पण दरबारात कुणी ओळखावे असे नव्हेत. घराणे वर आले ते एका माणसाच्या वकिलीमुळे.

तो माणूस कोण? आणि किताब कसे मिळत गेले?

तो माणूस म्हणजे आपल्या अर्लचे आजोबा. त्यांचेही नाव जेम्स ली, म्हणून खाली मी त्यांना ‘आजोबा’ म्हणते, म्हणजे घोळ होणार नाही.

आजोबांचा जन्म १५५२ चा, आणि ते बापाचे सहावे चिरंजीव. इंग्रज जमीनदाराच्या घरात सहाव्या मुलाच्या वाट्याला जमीन येणे अशक्यच, कारण घरदार, शेती, वाडा हे सगळे थोरल्याकडे जाई. धाकट्यांनी पाद्री व्हावे, शिपाई व्हावे, व्यापाराला लागावे किंवा कायदा शिकावा. आजोबा ऑक्सफर्डला शिकले आणि मग लंडनच्या लिंकन्स इनमध्ये कायद्याला लागले. पन्नाशी उलटेपर्यंत ते एक चांगले वकील होते, एवढेच. पहिला जेम्स गादीवर आल्यावर त्यांचे दिवस पालटले. १६०४ मध्ये त्यांना आयर्लंडच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नेमले गेले. परत आल्यावर, राजाच्या ताब्यातल्या अज्ञान वारसांच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या न्यायालयाचे ते वकील झाले. १६२१ मध्ये ते इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

त्याच वर्षी एक प्रसंग घडला. लाच घेतल्याच्या आरोपावरून लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राज्याच्या न्यायव्यवस्थेचा प्रमुख, फ्रान्सिस बेकन याच्यावर लॉर्ड्स सभेत खटला चालला. त्या सभेचा अध्यक्ष स्वतः बेकनच, त्यामुळे त्याच्या जागी कुणीतरी बसणे भागच होते. ती जागा आजोबांना मिळाली आणि एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाला चाळीस हजार पौंड दंड आणि कैदेची शिक्षा वाचून दाखवण्याचे काम त्यांच्या तोंडी आले.

किताबांचा क्रम असा आहे. १६१९ मध्ये ते बॅरनेट झाले. बॅरनेट हा किताब तेव्हा जुना नव्हता. पहिल्या जेम्सने तो १६११ मध्ये काढला होता आणि घेणाऱ्याकडून १,०९५ पौंड घेतले जात होते. आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात तीस शिपाई तीन वर्षे पोसण्याचा हा हिशेब. म्हणजे ही मानाची पदवी राजाच्या तिजोरीची गरज भागवायलाच जन्माला आली. १६२४ च्या डिसेंबरात आजोबा लॉर्ड हाय ट्रेझरर, म्हणजे राज्याचे खजिनदार, झाले आणि तो महिना संपता संपता ‘बॅरन ली’ही झाले. मग ५ फेब्रुवारी १६२६ रोजी, पहिल्या चार्ल्सच्या कारकिर्दीत, ‘अर्ल ऑफ मार्लबरो’. सात वर्षांत तीन पायऱ्या, आणि वय तोवर चौऱ्याहत्तरीच्या आसपास.

खालचे किताब वरचा मिळाला की रद्द होतात का?

होत नाहीत. ते एकाच माणसाच्या अंगावर साठत जातात. १६२६ नंतर आजोबा एकाच वेळी अर्ल ऑफ मार्लबरो, बॅरन ली आणि बॅरनेट होते. व्यवहारात फक्त सर्वांत वरचा चाले. दुसऱ्या क्रमांकाचा किताब थोरल्या मुलाला सौजन्य म्हणून वापरायला देत, म्हणून बाप जिवंत असेपर्यंत थोरला मुलगा हेन्री ‘लॉर्ड ली’ म्हणून ओळखला जाई. जुन्या कागदांत ‘लॉर्ड ली’ आणि ‘लॉर्ड मार्लबरो’ अशी दोन नावे शेजारी दिसली तर ती बापलेकाची असू शकतात.

मार्लबरो गाव त्यांच्या मालकीचे होते का?

नाही. मार्लबरो हे विल्टशरमधले जुने बाजाराचे गाव. किताबात गावाचे नाव आले म्हणून त्या गावाचा सारा वसूल करण्याचा हक्क मिळत नसे. आपल्याकडचा वाचक अर्लपदाची सांगड जहागिरीशी घालतो, तिथेच चूक होते. जहागीर म्हणजे उत्पन्न. सतराव्या शतकातला इंग्रजी किताब म्हणजे सनदेवर लिहिलेले नाव. ली घराण्याची जमीन विल्टशरमध्येच, पण वेस्टबरीच्या बाजूला होती, आणि आजोबांची समाधीही वेस्टबरीच्या चर्चमध्ये आहे. त्यांच्या नि पहिल्या बायकोच्या आडव्या मूर्ती तिथे शेजारी शेजारी आहेत.

आजोबांची लग्ने किती? वारस कोणाचे?

तीन लग्ने. सगळी मुले पहिल्या बायकोची, मेरी पेटीची. थोरला हेन्री, धाकटा विल्यम, मधला एक मुलगा बापाच्या आधीच गेला, आणि लेकी पुष्कळ. दुसरी बायको विधवा होती, तिच्यापासून मूल झाले नाही.

तिसरे लग्न १६२१ मधले, आणि या घराण्याचा पुढचा प्रवास समजायचा तर तेच महत्त्वाचे. नवरा सत्तरीला टेकलेला, नवरी जेन बोटेलर विशीच्याही आतली. जेनची आई राजाच्या लाडक्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमची सावत्र बहीण होती. त्या काळी इंग्लंडमध्ये मोठे पद, मोठा किताब बकिंगहॅमच्या हातून जाई. त्याच्या भाचीशी लग्न झाले आणि तीन वर्षांत आजोबा खजिनदार झाले. वकिलीतली हुशारी त्यांच्याकडे होतीच, पण न्यायाधीशाचा अर्ल झाला त्यात या सोयरिकीचा वाटा मोठा, असे मला वाटते. सोयरिकीने दरबारात पाय रोवणे मराठी इतिहास वाचणाऱ्याला नवे नाही.

जेनला या लग्नातून मूल झाले नाही. नवरा गेल्यावर तिने विल्यम ॲशबर्नहॅमशी लग्न केले आणि तो संसार टिकला, रमला. ससेक्समधल्या ॲशबर्नहॅमच्या चर्चमध्ये तिचे स्मारक आहे. त्यात बायको आडवी झालेली आहे आणि नवरा तिच्यापुढे गुडघे टेकून शोक करतो आहे. दुसरे लग्न करूनही ती लोकांसाठी ‘मार्लबरोची काउंटेस’च राहिली. अर्लच्या बायकोला काउंटेस म्हणतात, आणि हा मान विधवेकडे राही.

आजोबा गेले कसे?

१६२८ मध्ये त्यांच्याकडून खजिना काढून रिचर्ड वेस्टन याला दिला गेला. (हे नाव लक्षात ठेवा.) काही महिने ते राजाच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते, मग तेही पद गेले. मार्च १६२९ मध्ये राजाने पार्लमेंट मोडले आणि पुढची अकरा वर्षे ते बोलावलेच नाही. पार्लमेंट मोडले १० मार्चला, आजोबा गेले १४ मार्चला. त्यांची लेक लेडी मार्गारेट लंडनला कवी जॉन मिल्टनच्या ओळखीतली होती. मिल्टनने तिच्यावर एक सुनीत लिहिले आहे आणि त्यात म्हटले आहे की पार्लमेंट मोडल्याच्या धक्क्याने तुझ्या बापाचा जीव घेतला. सत्त्याहत्तर वर्षांच्या आजारी माणसाला दुसरे कारण लागत नाही, हे खरे. पण मुलीच्या मनात बाप कसा उरला होता, हे त्या ओळींतून कळते.

दुसरा अर्ल?

हेन्री. अर्ल होण्याआधी कॉमन्स सभेत बसलेला. त्याचे लग्न कॅपेल घराण्यातल्या मेरीशी झाले. नऊ वर्षे अर्ल राहून तो १६३८ मध्ये वारला आणि किताब विशीच्या जेम्सकडे आला.

तिसऱ्या अर्लला वारशात किती संपत्ती मिळाली?

फार नाही. राजाचा मंत्री क्लॅरेंडन त्याला ओळखत होता. त्याने लिहून ठेवले आहे की हा माणूस विद्येत असामान्य होता, किताबापेक्षा त्याला विद्येचीच गोडी होती, मोठी मालमत्ता वाट्याला आली नव्हती म्हणून त्याने आपले राहणे बेताचे ठेवले, आणि तसे राहूनही पैशाने मिळाला नसता इतका लौकिक मिळवला. गणित आणि नौकानयन यांत त्याचे मन रमे.

एक विचित्र वारसा मात्र त्याच्याकडे आला. कॅरिबियन बेटांवर आजोबांनी राजाकडून हक्क मिळवला होता. त्याच बेटांसाठी अर्ल ऑफ कार्लाइलनेही खटपट केली. शेवटी तडजोड अशी झाली की बेटे कार्लाइलला आणि मार्लबरोला व त्याच्या वारसांना वर्षाला तीनशे पौंड. आयुष्यात कधी न पाहिलेल्या बार्बाडोसच्या उत्पन्नावर आजोबांनी नातवासाठी अशी तजवीज करून ठेवली. ही रक्कम वेळेवर येत नसे आणि थकबाकीचा वाद पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. तिथल्या मळ्यांत राबणारे हात आधी करारावरच्या गोऱ्या मजुरांचे आणि मग आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे होते, हेही या वारशाच्या हिशेबात धरायला हवे.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात तो राजाकडून लढला. १६४३ मध्ये पश्चिमेकडच्या सैन्याचा तोफखाना त्याच्याकडे होता, मग डार्टमथ बंदरातल्या जहाजांचे नेतृत्व.

तो मुंबईला कसा आला आणि काय घडले?

दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नाचा तह जून १६६१ चा. मे १६६२ मध्ये पोर्ट्समथला लग्न लागले, पण मुंबई घेण्यासाठी पाच जहाजे त्याआधीच निघाली होती. वर अर्ल ऑफ मार्लबरो, सोबत शिपमन आणि चारशेच्या आसपास शिपाई. गोव्याचा नवा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रोही याच ताफ्यातून आला. प्रवासातच त्याचे इंग्रज अधिकाऱ्यांशी बिनसले.

सप्टेंबर १६६२ मध्ये जहाजे मुंबईला लागली. मार्लबरोने बेट मागितले, आणि बेटाबरोबर साष्टी, ठाणे हेही तहात येते असे सांगितले. व्हाइसरॉयचे म्हणणे, तहात फक्त मुंबई बेट आहे, आणि तेही द्यायचे तर शिपमनकडची कागदपत्रे पोर्तुगालच्या राजाच्या हुकमाशी जुळत नाहीत. या भागातल्या पोर्तुगीज जमीनदारांनाही बेट सोडायचे नव्हते. मार्लबरोकडे बळजबरीने घेण्याचा हुकूम नव्हता. शिपाई निदान सुरतेला उतरवावेत, असा विचार झाला, पण तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने नाही म्हटले, कारण परक्या राजाची फौज आपल्या बंदरात उतरलेली मोगलांना खपली नसती. अखेर अर्ल जहाजे घेऊन मायदेशी परतला आणि शिपमनचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरले. पावसाळा, ताप, खायची आबाळ. शिपमन १६६४ मध्ये तिथेच गेला. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा चारशेंतले शंभर-सव्वाशे माणसेच उरली होती.

लंडनमध्ये नौदलाच्या कचेरीत काम करणाऱ्या सॅम्युएल पेप्सने मे १६६३ च्या रोजनिशीत नोंद केली आहे की पोर्तुगीजांनी मुंबईच्या बाबतीत आपल्याला फसवले, बेट शिपमनलाही दिले नाही आणि ‘माय लॉर्ड ऑफ मार्लबरो’लाही दिले नाही. ‘ली’ हे आडनाव तिथेही येत नाही.

त्याचा मृत्यू कसा झाला?

मुंबई इंग्रजांच्या हाती येऊन चार महिने झाले नव्हते. इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात युद्ध पेटले. ३ जून १६६५ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लोस्टॉफ्टजवळ दोन्ही आरमारे भिडली. ‘ओल्ड जेम्स’ हे जहाज मार्लबरोच्या हाताखाली होते. त्यावर तोफेच्या माऱ्यात तो गेला. निघण्यापूर्वी, एप्रिलमध्ये, त्याने त्याच जहाजावरून सर ह्यू पोलार्ड या स्नेह्याला धर्म आणि मरण यांविषयी गंभीर पत्र लिहिले होते. ते पुढे छापले गेले. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले.

वेस्टन हे नाव लक्षात ठेवा म्हटले होते, ते इथे येते. आजोबांच्या जागी खजिनदार झालेला रिचर्ड वेस्टन पुढे अर्ल ऑफ पोर्टलंड झाला. त्याचा नातू चार्ल्स, तिसरा अर्ल ऑफ पोर्टलंड, पंचविशीतला तरुण, स्वयंसेवक म्हणून ‘ओल्ड जेम्स’वरच होता आणि त्याच लढाईत तोही मारला गेला. एकामागून एक खजिनदार झालेल्या दोन आजोबांचे दोन नातू, दोघेही तिसरे अर्ल, दोघेही अविवाहित, एका जहाजावर एका दिवशी गेले. हा योगायोग मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी बराच वेळ त्या तारखेकडे बघत बसले होते.

मग किताब कोणाकडे गेला?

तिसऱ्या अर्लला मूल नव्हते, सख्खा भाऊही उरलेला नव्हता. मग वारसा एक पिढी मागे चढला. आजोबांचा धाकटा मुलगा विल्यम, म्हणजे तिसऱ्या अर्लचा काका, पन्नाशी उलटल्यावर चौथा अर्ल झाला. पुतण्यामागून काका, हा क्रम विचित्र वाटतो, पण सनदेच्या हिशेबात बरोबर आहे. सनदेत ‘देहापासून झालेले पुरुष वारस’ असे असे. याचा अर्थ, ज्याला पहिल्यांदा किताब मिळाला त्या आजोबांपासून फक्त पुरुषांमधून उतरलेला माणूस हवा. थोरली पाती संपली की धाकटी पाती. पोर्टलंडच्या घरातही त्याच दिवसामुळे किताब काकाकडेच गेला.

विल्यमलाही मुलगा नव्हता. १६७९ मध्ये तो गेला आणि अर्ल, बॅरन, बॅरनेट हे तिन्ही किताब एकदमच संपले. साठ वर्षांत घराणे वर चढले आणि मिटलेही.

आत्यांची मुले होती ना? आणि दत्तक का घेतला नाही?

मराठी वाचक हा प्रश्न हमखास विचारतो आणि तो रास्त आहे.

आजोबांच्या लेकी पुष्कळ होत्या. पण ‘पुरुष वारस’ याचा अर्थ नुसता ‘मुलगा’ असा नव्हता. वाट पुरुषांमधूनच यायला हवी होती. लेकीचा मुलगा पुरुष असला तरी तो बाईच्या वाटेने आलेला, म्हणून तो चालत नसे. काही जुनी बॅरनपदे लेकींकडेही जात, कारण ती सनदेने न मिळता पार्लमेंटच्या बोलावण्याच्या पत्राने मिळालेली होती. ली घराण्याचे तिन्ही किताब सनदेचे होते.

दत्तकाचे म्हणाल, तर इंग्लंडच्या कायद्यात दत्तक ही गोष्टच नव्हती. मूल सांभाळायला घेत, मृत्युपत्राने त्याला पैसा देत, पण कायद्याने ते आपले मूल होत नसे. इंग्लंडमध्ये दत्तकाचा पहिला कायदा झाला तो १९२६ मध्ये, आणि उमरावांचे किताब त्यानंतरही दत्तकाला मिळत नाहीत. आपल्याकडे निपुत्रिक सरदाराने मांडीवर दत्तक घ्यावा आणि वतन पुढे चालावे, ही धर्माने आणि रूढीने मान्य केलेली वाट होती. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर कंपनीने खालसा केले, तेव्हा दत्तक वारस नाकारण्यामागे राज्य गिळण्याचा हेतू उघड होता. इंग्रजी कायद्यात दत्तक नव्हता हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही, कारण साताऱ्याचा न्याय साताऱ्याच्या रीतीने व्हायला हवा होता.

संपलेला किताब पुन्हा कुणाला देता येतो का?

येतो. किताब संपला की तो राजाकडे परत गेल्यासारखा होतो आणि राजा तेच नाव नव्या सनदेने दुसऱ्याला देऊ शकतो. मोजणी मात्र पुन्हा एकपासून सुरू होते.

पोर्टलंडचा काकाही १६८८ मध्ये निपुत्रिक गेला. पुढच्याच वर्षी नवा राजा तिसरा विल्यम याने राज्याभिषेकाच्या दोन दिवस आधी, ९ एप्रिल १६८९ रोजी, नवे उमराव केले. त्या एकाच दिवशी जॉन चर्चिल अर्ल ऑफ मार्लबरो झाला आणि राजाचा विश्वासू डच सहकारी बेंटिंक अर्ल ऑफ पोर्टलंड झाला. ‘ओल्ड जेम्स’वर गेलेल्या दोघांची नावे पुन्हा एकाच तारखेला जागी झाली.

चर्चिलने मार्लबरो हेच नाव का घेतले?

इथे जेन बोटेलर पुन्हा येते. जेनची बहीण एलिनॉर. तिची लेक एलिझाबेथ ड्रेक. एलिझाबेथचा मुलगा जॉन चर्चिल. म्हणजे मार्लबरोची पहिली काउंटेस जेन त्याच्या आजीची सख्खी बहीण. ली घराण्याचे रक्त त्याच्यात नव्हते, पण आपल्या नात्यात एकेकाळी असलेल्या मानाचे नाव त्याने मागून घेतले. सनदेत बाईच्या वाटेला जागा नव्हती, तरी नाव मात्र त्याच वाटेने पुढे आले.

मग चर्चिलचा किताब आजपर्यंत कसा टिकला?

त्याच्यावरही तीच वेळ आली होती. राणी ॲनने १७०२ मध्ये त्याला ड्यूक केले आणि लगेच १७०३ मध्ये त्याचा एकुलता उरलेला मुलगा देवी येऊन गेला. मागे फक्त मुली. जुन्या नियमाने हाही किताब संपलाच असता. पण तो तेव्हा युरोपातला सर्वांत यशस्वी सेनापती होता. १७०६ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून किताब मुलींना आणि त्यांच्या वंशजांना मिळेल असे ठरवले. १७२२ मध्ये तो गेल्यावर थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिचा मुलगा तिच्याआधी वारला होता, म्हणून १७३३ मध्ये किताब तिच्या बहिणीच्या मुलाकडे, चार्ल्स स्पेन्सरकडे गेला. आजचे ड्यूक त्याच ओळीतले.

लेडी मार्गारेट आणि तिच्या बहिणींसाठी असा कायदा कुणी केला नाही. सनदेचा नियम बदलता येत होता, तो एका विजयी सेनापतीसाठी बदलला गेला.

वेगवेगळ्या पुस्तकांत तारखा एक वर्षाने मागेपुढे का दिसतात?

इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुने ज्युलियन कॅलेंडर होते आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे आजोबांच्या अर्लपदाचा ५ फेब्रुवारी १६२६ हा दिवस जुन्या कागदांत १६२५ चा दिसतो. पोर्तुगीजांनी ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्येच घेतले होते. म्हणून मुंबईच्या ताब्याचा १८ फेब्रुवारी १६६५ हा दिवस इंग्लंडच्या हिशेबाने ८ फेब्रुवारी १६६४ होता. लोस्टॉफ्टची लढाई इंग्रजी लेखनात ३ जून, डच लेखनात १३ जून. चूक कुणाचीच नाही.

जुन्या कागदांत या घराण्याचा शोध कसा घ्यावा?

वर्ष बघा. १६२६ ते १६७९ मधला ‘मार्लबरो’ म्हणजे ली घराण्यातला कुणीतरी: १६२९ पर्यंत आजोबा, १६३८ पर्यंत हेन्री, १६६५ पर्यंत मुंबईला आलेला जेम्स, मग विल्यम. १६८९ नंतरचा ‘मार्लबरो’ चर्चिलचा. कंपनीने सुमात्रा बेटावर बांधलेला फोर्ट मार्लबरो हा किल्लाही त्या ड्यूकच्याच नावाचा, त्याचा आपल्या अर्लशी संबंध नाही. आणि १६७९ ते १६८९ या दहा वर्षांत अर्ल ऑफ मार्लबरो कुणीही नव्हता. त्या काळातल्या घटनेत कुणी ‘तेव्हाचा लॉर्ड मार्लबरो’ असे लिहिले असेल, तर तारीख तरी चुकली आहे किंवा माणूस तरी.